व्हिसा लागत नाही, मग काय काय लागतं? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की परदेशात आठ-पंधरा दिवस फिरायला जायचंय आणि तिथं शिरायच्या नियमांबद्दल काही शंका असतील तर कळवा. कळवल्या की तुम्ही, ढिगानं. कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, राजारामपुरी, एक तर पार शाहूवाडीतनं आलाय. सगळे छापणं शक्य नाही म्हणून सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं कुणाचीच दिली नाहीत. एक आधीच सांगते, बहुतेकांनी "अमक्या देशाला व्हिसा लागतो का" एवढंच विचारलंय, पण माणसं अडकतात ती जास्त करून दुसरीकडेच, विमान कंपनीच्या काउंटरवर, पासपोर्टच्या तारखेत, नावाच्या स्पेलिंगमध्ये नाहीतर बॅगेतल्या डब्यात. त्यामुळं उत्तरं त्या बाजूला झुकली तर चालवून घ्या.

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र थायलंडला चाललोय. व्हिसा लागत नाही असं ग्रुपवर आलंय. म्हणजे पासपोर्ट घ्यायचा आणि सुटायचं, एवढंच ना? (राजारामपुरी)

उत्तर : सुटा की, पण जरा दमानं. थायलंडनं भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाशिवाय यायची सवलत दिली, सुरुवातीला ३० दिवसांची आणि १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची. हा दिवसांचा आकडा तिथलं सरकार बदलू शकतं, त्यामुळं ग्रुपवरचा मेसेज कुठल्या साली लिहिलाय ते देव जाणे, तिकीट काढायच्या आधी मुंबईतल्या थाई वाणिज्य दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घ्याच. तुम्हाला आठवडाभरच राहायचं असेल तर आकडा ३० असला काय आणि ६० असला काय, फरक पडत नाही. पुढचं जे आहे त्यानं मात्र पडतो.

एक म्हणजे डिजिटल अरायव्हल कार्ड. १ मे २०२५ पासून थायलंडला जाणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसानं उतरायच्या आधीच्या ३ दिवसांत हा फॉर्म ऑनलाइन भरायचाय, पाच जण असाल तर पाच जणांचा. तो फुकट आहे. पुन्हा लिहिते, फुकट. गुगलवर शोधलं की वरच ज्या जाहिराती येतात त्यातल्या काही साइट हाच फॉर्म भरून द्यायचे पैसे घेतात, दिसायला अगदी सरकारी असतात, झेंडाबिंडा लावलेला असतो. थायलंडच्या सरकारी साइटचा पत्ता 'डॉट जीओ डॉट टीएच' असा संपतो, तेवढं बघा आणि मग भरा.

दुसरं, पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक पाहिजे. हे बघणारा पहिला माणूस बँकॉकमध्ये बसलेला नसतो, तो मुंबईच्या चेक-इन काउंटरवर असतो. तिकडून तुम्हाला परत पाठवलं तर आणायची जबाबदारी विमान कंपनीची असते, वर दंडही बसू शकतो, म्हणून ते लोक इमिग्रेशनपेक्षा कडक वागतात. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग हे सगळं तिथंच मागतील. तिथं वाद घालून काही होत नाही, सुपरवायझरला बोलवा म्हणून ओरडूनपण होत नाही. सगळ्यांचे कागद एकाच मित्राच्या मोबाईलमध्ये ठेवू नका, प्रत्येकाकडं स्वतःची प्रिंट असू दे, कारण लाइनीत उभं राहिल्यावर पाच जण पाच खिडक्यांवर जातात आणि ज्याच्याकडं कागद असतात तो आधीच पलीकडं गेलेला असतो.

तिसरं, खर्चाला पैसे. अधिकारी विचारेल असं नाही पण विचारलं तर दाखवता आलं पाहिजे, आणि "सगळं कार्डावर आहे" या उत्तरावर प्रत्येक जण समाधान मानेल असं नाही, थोडी रोख बाळगा. भारतातून एका ट्रिपला नोटांच्या स्वरूपात ३,००० डॉलरपर्यंतचं परकी चलन नेता येतं, तेवढं तुम्हाला लागणारपण नाही. आणि मुदतीच्या वर राहू नका, दिवसाला ५०० बात दंड आहे, २०,००० पर्यंत चढतो, शिवाय नोंद होते ती वेगळीच.

तुमच्यातलं कुणी व्हेप ओढत असेल तर ते घरी ठेवा. थायलंडमध्ये ई-सिगारेट आणायलाच बंदी आहे.

प्रश्न : थायलंडवरून तसंच मलेशिया आणि सिंगापूर करून यायचं म्हणतोय. एकाच ट्रिपमध्ये तिन्ही जमतील का? (इचलकरंजी)

उत्तर : जमतील, पण तीन देश म्हणजे तीन वेगळे हिशोब. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसामाफी दिलीय, ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. त्यांचंही डिजिटल अरायव्हल कार्ड आहे, तेही ३ दिवस आधी, तेही फुकट. सिंगापूरला मात्र आपल्याला व्हिसा लागतो, तो अधिकृत एजंटांमार्फत काढायचा असतो, आणि व्हिसा असला तरी एसजी अरायव्हल कार्ड वेगळं भरायचं, पुन्हा ३ दिवस आधी, पुन्हा फुकट. थायलंड, मलेशिया फिरत फिरत सिंगापूरचा व्हिसा वाटेत बघू असं करू नका, तो इथूनच काढून निघा.

आणि एक आपल्याकडच्या लोकांसाठी खास. सिंगापूरला खायचा तंबाखू नेणं गुन्हा आहे. पुडी, मावा, गुटखा, चंची, काही नाही. सिगारेटलापण ड्युटी फ्री सवलत नाही, एक पाकीट असलं तरी जाहीर करून ड्युटी भरावी लागते. च्युइंगमपण चालत नाही. ज्यांना जेवल्यावर चिमूटभर लागतेच त्यांनी सिंगापूरचा मुक्काम कमी ठेवावा, यापलीकडं मी काय सांगणार.

प्रश्न : माझी चार एकर बागायत आहे, ऊस कारखान्याला जातो, दोन म्हशी आहेत. इन्कम टॅक्स रिटर्न कधी भरलेलं नाही कारण शेतीला टॅक्सच नाही. मला आणि बायकोला युरोप बघायचाय. एजंट म्हणतो रिटर्नशिवाय व्हिसा होणार नाही, पण तो "मॅनेज" करून देतो. काय करू? (करवीर तालुका)

उत्तर : तुमचा प्रश्न सगळ्यात आधी बाजूला काढून ठेवला होता, कारण असे बरेच आहेत आणि विचारायला लाजतात. पहिल्यांदा त्या एजंटला रामराम करा. "मॅनेज" म्हणजे खोटं रिटर्न, खोटी नोकरी नाहीतर खात्यात चार दिवसांसाठी भरलेले पैसे, तिन्ही पकडली जातात आणि खोटे कागद दिले म्हणून एकदा नकार बसला की पुढं दुसऱ्या देशाच्या फॉर्ममध्येसुद्धा "कधी व्हिसा नाकारला होता का" याला हो लिहावं लागतं.

आता व्हिसा अधिकाऱ्याला नेमकं काय बघायचं असतं ते समजून घ्या. दोनच गोष्टी, ट्रिपचा खर्च तुम्हाला झेपतो का, आणि फिरून झाल्यावर तुम्ही परत येणार का. दुसऱ्या बाबतीत ऊस लावलेला शेतकरी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नोकरदारापेक्षा कमी कुठं पडतो? जमीन काय बॅगेत घालून नेता येत नाही. अडचण एवढीच की मुंबईत बसलेल्या त्या माणसाला सातबारा म्हणजे काय हे माहीत नसतं, ते त्याला समजेल अशा रीतीनं मांडायचं काम तुमचं.

म्हणून सातबारा आणि आठ अ चे ताजे उतारे काढा, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या. कारखान्याची गेल्या दोन-तीन हंगामांची ऊस बिलं जोडा आणि ती रक्कम बँकेत ज्या तारखेला जमा झाली ती ओळ स्टेटमेंटवर पेनानं खूण करून ठेवा. दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल खात्यावर येत असेल तर फारच चांगलं, कारण ती नियमित आवक दिसते. वर एक पानाचं साधं पत्र, आम्ही कोण, शेती किती, वर्षाला ऊस किती जातो, पैसे हंगामात एकदम का येतात, कुठं किती दिवस फिरणार आणि मागं शेत कोण बघणार. हे हंगामाचं नक्की लिहा. नाहीतर जानेवारीत खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की साडूकडनं उसनी आणून भरली की काय असंच वाटतं. अर्ज करायची वेळपण त्या हिशोबानं धरा, गळीत हंगामाचे हप्ते जमा झालेत आणि खात्यात शिल्लक आहे अशा वेळी, सोसायटीचं कर्ज भरून खातं रिकामं झाल्यावर नको.

रिटर्नबद्दल म्हणाल तर शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून रिटर्न भरायला बंदी थोडीच आहे, शेतीउत्पन्न दाखवून ते भरता येतं, सीएला भेटा. या वर्षी नसेल तर पत्रात सरळ लिहा की उत्पन्न फक्त शेतीचं आहे आणि ते भारतात करमुक्त आहे.

बाकी नियम असे. शेंगेन म्हणजे २९ देशांचा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा, रात्री सारख्या असतील तर ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडं. मोठ्या माणसाला ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना काही नाही, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, शेवटची मर्यादा १५ दिवस आधीची पण एवढं ताणू नका, निकाल साधारण १५ दिवसांत लागतो आणि लांबला तर ४५ पर्यंत जातो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. पासपोर्टवर दोन पानं कोरी आणि परतायच्या तारखेनंतर ३ महिने मुदत. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही स्वतः जावं लागेल, काही देशांची केंद्रं पुण्यात आहेत, बाकीच्यांना मुंबई. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसायचं आणि सकाळी उतरून काम उरकायचं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, त्यामुळं पुढच्या वेळी हेलपाटा वाचू शकतो.

प्रश्न : मुलगा म्युनिकला आहे. आम्ही दोघं रिटायर शिक्षक, दोन वर्षांचा मल्टिपल एन्ट्री व्हिसा मिळालाय. म्हणजे दोन वर्षांत हवं तितकं राहता येईल का? एक जण म्हणतो ९० दिवस, एक म्हणतो ६ महिने झाले की पुन्हा नव्यानं ९० मिळतात. (गडहिंग्लज)

उत्तर : दोन वर्षं ही व्हिसाची मुदत, राहायची नव्हे. राहायचा नियम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. आणि इथं 'कुठल्याही' याच्यावरच सगळं अडतं, कारण जानेवारी ते जून एक खाना आणि जुलै ते डिसेंबर दुसरा असं ते नसतं. तुम्ही तिथं असाल त्या प्रत्येक दिवशी मागं वळून १८० दिवस मोजायचे, आजचा धरून, आणि त्यात शेंगेनमध्ये काढलेले दिवस ९० च्या वर जाता कामा नयेत.

उदाहरणच घ्या, गणिताचे शिक्षक असाल तर हे आवडेल. समजा तुम्ही २०२६ मध्ये १० जानेवारीला उतरलात आणि ९ मार्चला निघालात. उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरायचे, रात्री ११ ला उतरलात तरी तो दिवस खर्ची पडला. जानेवारीचे २२, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ९, झाले ५९. आता नातवाच्या वाढदिवसाला १ जूनला परत गेलात तर शिल्लक ३१ दिवस, म्हणजे १ जुलैला निघायलाच पाहिजे, कारण २ जुलैपासून १८० दिवस मागं मोजले तर ते ४ जानेवारीला पोचतात, तुमचे जुने ५९ च्या ५९ अजून त्यातच आहेत आणि बेरीज ९१ होते.

पण हेच तुम्ही थोडं थांबून ९ जुलैला गेलात तर गंमत बघा. त्या दिवसापासून मागचा पहिला दिवस, म्हणजे १० जानेवारी, मोजणीतून गळतो, उद्या ११ जानेवारी गळतो, तुमचा एक नवीन दिवस चढतो तसा एक जुना उतरतो, आणि असं करत तुम्हाला सलग ९० दिवस, ६ ऑक्टोबरपर्यंत राहता येतं. पाच-सहा आठवडे उशिरा गेल्यानं महिन्याच्या जागी तीन महिने. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून आधी काढणाऱ्यांनी ही बेरीज करून मग काढावं. युरोपियन कमिशनच्या साइटवर कॅल्क्युलेटर आहे, तारखा भरल्या की सांगतो, तरी एकदा कागदावर स्वतः करा म्हणजे डोक्यात बसेल.

व्हिसाच्या स्टिकरवर 'ड्युरेशन ऑफ स्टे' समोर काय आकडा छापलाय तोही बघा. तिथं ९० पेक्षा कमी असेल तर तोच आकडा लागू, वरचं गणित विसरा. आणि शिक्का पुसट आहे, कोण मोजतंय असं कुणी म्हणालं तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपनं नवी एन्ट्री एक्झिट यंत्रणा टप्प्याटप्प्यानं सुरू केलीय, त्यात फोटो आणि ठसे घेऊन येण्या-जाण्याची नोंद कॉम्प्युटरवर होते. दिवस मोजायचं काम आता मशीन करतं.

मुलाकडंच राहणार असाल तर तो तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून तुमच्या खर्चाची हमी देणारं अधिकृत पत्र काढू शकतो, पुढच्या व्हिसाला उपयोगी पडतं.

प्रश्न : अमेरिकेचा १० वर्षांचा व्हिसा आहे. तिथंपण हेच ९० दिवस का? (ताराबाई पार्क)

उत्तर : नाही, तिथं हिशोबच वेगळा. १० वर्षं म्हणजे तोपर्यंत तुम्ही दारात जाऊन उभं राहू शकता. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, फिरायला आलेल्यांना बहुतेक वेळा ६ महिन्यांपर्यंत देतात, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. ती ऑनलाइन असते, पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच ती उघडून बघा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्या तारखेच्या पुढं एक दिवस जरी राहिलात तरी हातातला १० वर्षांचा व्हिसा रद्द समजला जातो. तब्येतीमुळं किंवा बाळंतपणामुळं राहायलाच लागणार असेल तर तारीख संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज टाकायचा, त्याला आय-५३९ म्हणतात.

वर्षात किती महिने राहायचं याचा ठरीव आकडा अमेरिकेत नाही. पण ६ महिने राहून परत आलात आणि दोन महिन्यांत पुन्हा दारात उभे, तर अधिकारी विचारणारच की तुम्ही नक्की राहता कुठं. माझं मत विचाराल तर जेवढं तिथं राहिलात निदान तेवढं तरी इथं राहून मग जावं, हा नियम नाही, शहाणपणा आहे. शिवाय इथल्या घराला पण माणूस लागतं.

प्रश्न : आईला दुबईला न्यायचंय. तिच्या पासपोर्टवर फक्त नाव आहे, आडनावाचा रकाना कोरा. शिवाय ईसीआर असं लिहिलंय. चालेल का? (जयसिंगपूर)

उत्तर : ईसीआर ची काळजी सोडा, नावाची करा.

२१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीनं पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असलेल्या माणसाला टुरिस्ट व्हिसावर प्रवेश बंद केलाय. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या बायकांचे पासपोर्ट असेच काढलेले असतात, सगळं नाव एकाच रकान्यात किंवा नुसतंच नाव. तुमच्या आईच्या बाबतीत सरळ मार्ग म्हणजे पासपोर्ट री-इश्यू करून नाव आणि आडनाव दोन्ही रकाने भरून घेणं. ऑनलाइन अर्ज करून कोल्हापुरातल्या पोस्टाच्या पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घ्या, मंजुरी पुण्याच्या ऑफिसमधून होते. आधार, मतदान कार्ड, पॅन या सगळ्यांवर आडनाव एकाच स्पेलिंगनं आहे का ते आधी तपासा, अर्धा वेळ तिथंच जातो. पाटील मध्ये एका ठिकाणी दोन टी, दुसरीकडं एक, असलं काहीतरी निघतंच. नवा पासपोर्ट हातात आल्याशिवाय व्हिसा आणि तिकीट काढू नका, आणि तिकिटावर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

ईसीआर म्हणजे नोकरीसाठी जाणाऱ्यांना १८ ठरावीक देशांसाठी सरकारी परवानगी लागते ती. दुबई त्यात येतं, पण आई नोकरीला चाललेली नाही, फिरायला चाललीय, तिला ती परवानगी लागत नाही. परतीचं तिकीट आणि तुमच्यासोबत असल्याचे कागद हातात असू देत. आणि तिचं वय ५० च्या वर असेल तर री-इश्यू करतानाच ईसीआर चा शेरा काढून टाकायला सांगा, वयामुळं ती सूट मिळते.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाची बस पशुपतिनाथ-मुक्तिनाथला निघालीय. आधार कार्ड पुरेल ना? (कागल)

उत्तर : सगळ्यांना नाही. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण ओळख म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड पाहिजे. ६५ च्या वरचे आणि १५ च्या आतले यांनाच आधार, पॅन, लायसन असलं दुसरं फोटो असलेलं कार्ड चालतं. मंडळात ६० ते ६५ मधले लोक असणारच, गडबड त्यांचीच होते, कारण बरोबरच्या आजोबांना आधारवर सोडतात आणि यांना अडवतात. मतदान कार्ड मूळच न्या, मोबाईलमधला फोटो किंवा झेरॉक्स नको. जाताना-येताना कुणी काठमांडूवरून विमानानं जाणार असेल तरी कागद हेच. बस आपली असेल तर सीमेवर गाडीचं परमिट घ्यायचं असतं, त्याला भन्सार म्हणतात, तो ड्रायव्हरच्या माथी मारू नका, आधीच वेळ धरून ठेवा.

तसंच पुढं भूतान करायचा विचार असेल तर तिथं मतदान कार्ड चालतं पण परमिट लागतं आणि भारतीयांना माणशी रात्रीला १,२०० रुपये फी आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मी. मोठ्या मंडळाला हा आकडा बराच होतो.

प्रश्न : नवऱ्याला सुट्टी नाही, मी आणि माझी ९ वर्षांची मुलगी बहिणीकडं पॅरिसला चाललोय. काही वेगळं लागतं का? (शाहूपुरी)

उत्तर : हो, नवऱ्याचं संमतिपत्र, नोटरी केलेलं, सोबत त्यांच्या पासपोर्टची सही असलेली प्रत आणि मुलीचा जन्मदाखला. व्हिसाच्या अर्जाला एक द्या आणि एक प्रत प्रवासात जवळ ठेवा. मुलीचे ठसे घेत नाहीत, १२ च्या आतल्यांना सूट आहे.

प्रश्न : व्हिएतनामचा ई-व्हिसा काढताना एका साइटनं ९० डॉलर मागितले, दुसरीनं ६०. खरे किती? (उचगाव)

उत्तर : सिंगल एन्ट्रीला २५ डॉलर, मल्टिपलला ५०, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. बाकी सगळं मधल्यांचं. सरकारी साइटचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट व्हीएन' वर संपतो. फॉर्ममध्ये तारीख आधी दिवस मग महिना अशी आहे, आणि व्हिसावर ज्या तारखेपासून लिहिलंय त्याच्या आदल्या रात्री उतरलात तर आत घेत नाहीत, मध्यरात्रीची फ्लाइट असेल तर हे नीट बघा. मधेच कंबोडिया बघून पुन्हा व्हिएतनामला यायचं असेल तर सिंगल चालणार नाही.

प्रश्न : दुबईला लग्न आहे. माझा साज आणि पाटल्या घेऊन जाणार आहे. येताना कस्टमवाले "तिकडनं घेतलं" म्हणाले तर? (गुजरीजवळून)

उत्तर : म्हणू शकतात. जाताना मुंबई विमानतळावर कस्टमच्या काउंटरला दागिने दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, वजन-वर्णन त्यावर येतं, येताना तोच कागद दाखवायचा. त्यासाठी विमानतळावर नेहमीपेक्षा तास-दीड तास लवकर पोचा. सराफाची पावती आणि दागिन्यांचे फोटो असतील तर तेही ठेवा. आणि तिकडनं येताना सोनं घेऊन यायचा विचार असेल तर दागिन्यांची ड्युटी फ्री सवलत ही वर्षाच्या वर परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे, आठ दिवसांच्या पाहुण्यांना नाही.

प्रश्न : मुलगी दुबईत, जाऊबाई लंडनला, भाचा ऑस्ट्रेलियात. सगळ्यांना घरचा कांदा-लसूण मसाला आणि मटणाचं लोणचं पाहिजे असतं. नेता येतं का? (मंगळवार पेठ)

उत्तर : मसाल्यात खसखस घालता का? बहुतेक घरांत घालतात. मग दुबईला तो डबा अजिबात नको. अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत येते, अमली पदार्थांच्या कायद्याखाली, आणि त्यावरनं आपली माणसं तिथं अडकलेली आहेत. "मसाल्यात चिमूटभरच आहे" हे तिथं पटवून सांगता येत नाही. मुलीसाठी करायचाच असेल तर खसखस न घालता वेगळा करा आणि त्याच मिक्सरच्या भांड्यात आधी खसखस वाटलेली नाही ना तेपण बघा. औषधांचंही तसंच, कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली गोळी किंवा खोकल्याचं औषध दुबईला न्यायचं असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते, डॉक्टरांची चिठ्ठी नुसती पुरत नाही. गुडघेदुखीवाल्यांनी आपल्या गोळीचं नाव केमिस्टकडून नीट वाचून घ्या.

मटणाचं लोणचं मात्र तिन्हीपैकी लंडन आणि ऑस्ट्रेलियाला नाहीच. ब्रिटन आणि युरोप, दोन्हीकडं भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तुपाचा डबा आणि पेढेसुद्धा घरी ठेवा. ऑस्ट्रेलियात विमानातच एक कार्ड भरायला देतात, त्यात खाण्याची प्रत्येक वस्तू आहे म्हणून लिहायची, मसाला, पापड, डाळ, बियाणं, सगळं. लिहिलं आणि त्यांना नको असलं तर ते फक्त काढून घेतात. लपवलं आणि सापडलं तर मोठा दंड आणि व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. तेव्हा भाच्याला मसाला न्या, कार्डावर 'हो' ला खूण करा, बाकी लोणचं तो सुट्टीला आला की खाईल.